अविलाची संत तेरेजा आणि न लागणारे मन



प्रार्थनेत मन लागत नाही, असे सांगणारी माणसे आम्हांला घरभेटीत नेहमी भेटतात. कोणी पूर्वी रोज संध्याकाळी घरच्यांना घेऊन रोजरी म्हणत असे, कोणी गायनवृंदात होते, कोणी आजाऱ्यांची विचारपूस करायला जात असे. कोणाशी भांडण झाले नाही, श्रद्धाही गेली नाही. गेली ती उमेद. अशा वेळी आम्हांला संत तेरेजाची आठवण होते. गुलाबफुलांची छोटी तेरेजा आपल्या अधिक ओळखीची आहे. ही तिच्या तीनशे वर्षे आधीची, स्पेनमधल्या अविला शहरातली.

तिचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी झाला. घर सुखवस्तू, वडील आलोन्सो धार्मिक वृत्तीचे, आई लवकर वारली. १५३५ साली, विसाव्या वर्षी, वडिलांची संमती नसतानाही तिने घर सोडले आणि ती कार्मेल संघाच्या मठात दाखल झाली. सुरुवातीचा उत्साह दांडगा होता. काकांनी दिलेल्या एका पुस्तकावरून ती ध्यानप्रार्थना शिकली. पण लवकरच तिची प्रकृती ढासळली. उपचारांनी दुखणे वाढलेच. १५३९ च्या ऑगस्टमध्ये ती जवळजवळ चार दिवस निश्चेष्ट पडून होती. मठात तिच्यासाठी कबरही खणली गेली. वडिलांनी मात्र मुलीला पुरू दिले नाही. ती शुद्धीवर आली, पण हातपाय लुळे पडले होते आणि नीट चालू लागायला सुमारे तीन वर्षे गेली. हे बरे होणे तिने संत योसेफाच्या मध्यस्थीला दिले.

आम्हांला वाटे, एवढ्या मोठ्या संकटातून वाचलेला माणूस आयुष्यभर पेटून उठत असेल. तेरेजाच्या बाबतीत उलटेच घडले. आजारात तिने प्रार्थना सोडली नव्हती. ती सुटली बरे वाटू लागल्यावर. मठात शंभराहून अधिक स्त्रिया होत्या, बंधने सैल होती, भेटीच्या खोलीत गावातल्या लोकांची ये-जा असे. तेरेजा बोलायला गोड, सर्वांना हवीहवीशी. ह्यात मोठे पाप काही नव्हते. पण मन बाहेर रमू लागले आणि ध्यानाला बसताना तिला लाज वाटू लागली. मग तिने एक कारण शोधले, दिसायला अगदी सोज्वळ: आपल्यासारख्या अपात्र व्यक्तीने देवाशी इतकी सलगी करू नये, इतरांसारख्या ठरलेल्या प्रार्थना म्हणाव्यात, हीच नम्रता. वर्षभराहून अधिक काळ तिने ध्यानप्रार्थना बंद ठेवली. पुढे स्वतःच्या जीवनकथेत तिने ह्या खोट्या नम्रतेला सैतानाची सर्वांत भयंकर फसवणूक मानले.

ह्यातला सर्वांत बोचरा प्रसंग तिच्या वडिलांचा. ध्यानप्रार्थना त्यांना तिनेच शिकवली होती आणि ते त्यात पुष्कळ पुढे गेले होते. ते मठात येऊन मुलीशी त्याविषयी बोलत. तिला ते सहन होईना. तिने एकदा सांगून टाकले की, आपण आता ध्यान करत नाही, आणि कारण दिले प्रकृतीचे. प्रकृती खरोखरच नाजूक होती, पण खरे कारण ते नव्हते, हे तिला ठाऊक होते. वडिलांनी विश्वास ठेवला. त्यांना मुलीची कीव आली. (आम्हीही न केलेल्या प्रार्थनेसाठी थकव्याचे कारण पुढे केले आहे. थकवा होताच, पण तेवढाच नव्हता.)

१५४३ च्या डिसेंबरमध्ये वडील वारले. शेवटच्या दुखण्यात तेरेजाने त्यांची सेवा केली. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे डॉमिनिकन धर्मगुरू फादर विसेंते बारोन ह्यांच्यापाशी तिने आपले मन मोकळे केले. त्यांनी तिला दर पंधरा दिवसांनी ख्रिस्तशरीर स्वीकारायला आणि ध्यानप्रार्थना पुन्हा सुरू करायला सांगितले. तिने ती सुरू केली, ती पुन्हा कधीच सोडली नाही.

पण मन लगेच लागले, असे कोणी समजू नये. पुढची दहा-अकरा वर्षे ती प्रार्थनेत असताना तास संपल्याचा ठोका कधी पडतो ह्याकडे कान लावून बसे. प्रार्थनागृहाच्या दारात पाऊल टाकताना मन उदास होई. हातात पुस्तक असल्याशिवाय तिला बसवत नसे, कधी कधी ते नुसते उघडून ठेवणेही पुरे होई. सेमिनरीत आम्ही शिकलो की, संत थॉमस अक्वायनस ह्यांनी अशा मरगळीला देवाच्या चांगुलपणाविषयीच वाटणारी खिन्नता म्हटले आहे. व्याख्या नेमकी आहे, पण खिन्न माणसाने तासभर बसायचे कसे, हे आम्हांला तेरेजाकडूनच कळले. ती पुस्तक घेऊन बसली. (ज्याची झोप, भूक आणि कामातले लक्ष उडाले आहे, त्याने फादरांकडे यावेच, पण डॉक्टरांकडेही जावे. ते दुखणे वेगळे असू शकते.)

१५५४ साली, ती एकोणचाळीस वर्षांची असताना, मठाच्या प्रार्थनागृहात कोणत्या तरी सणासाठी जखमी ख्रिस्ताची एक मूर्ती आणून ठेवली होती. ती पाहताच तेरेजाचे काळीज फाटले. ती मूर्तीपुढे कोसळून रडली आणि प्रभू बळ देईपर्यंत उठणार नाही, असे म्हणाली. त्याआधीही तिने अशी पुष्कळ मागणी केली होती. फरक तिने स्वतःच नोंदवला आहे: ह्या वेळी तिचा स्वतःवरचा भरवसा पार संपला होता आणि तो सगळा देवावर टाकला होता. त्याच सुमारास संत ऑगस्टीनची आत्मकथा तिच्या हाती आली. बागेत ऑगस्टीनला ऐकू आलेली हाक आपल्यालाच आहे, असे तिला वाटले.

पुढची कहाणी वेगवान आहे. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने अविलात चार मुलींना घेऊन संत योसेफाच्या नावाने लहानसा मठ उघडला. नगरसभेने तो बंद पाडायचा प्रयत्न केला, पण तो टिकला. नंतरच्या वीस वर्षांत, आजारी शरीराने, छपराच्या गाड्यांतून फिरत तिने मठांची संख्या सतरावर नेली. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री ती वारली. त्याच रात्री नवे कॅलेंडर लागू झाल्यामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबर उजाडला, म्हणून तिचा सण त्या दिवशी येतो. १६२२ साली ती संत घोषित झाली, गोव्याचे आपले संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याच सोबत. १९७० साली पोप सहावे पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची पंडिता म्हणून गौरवले.

आपल्या चर्चमध्ये साक्रामेंताच्या आराधनेला कोणी पुस्तक घेऊन बसले, किंवा मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, तर शेजाऱ्यांनी भुवया उंचावू नयेत. आम्हीही पाहतो.