इब्राहिमखान गारदी

अठराव्या शतकाच्या मध्यास हैदराबादच्या निजामाच्या मदतीला फ्रेंचांची एक फौज होती. बुसी नावाचा कुशल सेनानी तिचा प्रमुख होता. फ्रेंच शिपायांबरोबर त्याने एतद्देशीय शिपायांचीही पायदळे तयार केली होती. एका ओळीत उभे राहणे, एकाच हुकुमाबरोबर बंदुका झाडणे, संगिनी रोखून पावलाला पाऊल जुळवीत पुढे सरकणे, अशी कवाईत त्यांच्याकडून नित्य करून घेतली जाई. त्यांना दरमहा ठरलेला पगार मिळे. अशा कवाइती शिपायांना लोक गारदी म्हणत. बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या या गारद्यांचा एक नामांकित सरदार म्हणजे इब्राहिमखान.

इ. स. १७५८ मध्ये बुसीला हैदराबाद सोडून जावे लागले. पुढे निजामाशी इब्राहिमखानाचे जमेना. तेव्हा सदाशिवरावभाऊंनी त्याला आपल्या चाकरीत घेतले. इ. स. १७६० च्या आरंभी उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी निजामाच्या सैन्याला जेरीस आणले आणि मराठ्यांना मोठा मुलूख मिळाला. त्याच वर्षी भाऊ उत्तरेत गेले, तेव्हा दिल्लीचा किल्ला आणि कुंजपुरा ही दोन्ही स्थळे घेताना या तोफाच उपयोगी पडल्या.

तरीही गारद्यांचे कौतुक सर्वांनाच नव्हते. घोडदळाच्या जोरावर गनिमी काव्याने लढणाऱ्या जुन्या सरदारांना ही नवी पद्धत रुचत नसे. शिवाय इब्राहिमखान आपल्या शिपायांच्या पगाराबाबत हट्टी होता. पानिपतावर छावणीची रसद तुटली, माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली, तरी तो पगाराचा तगादा सोडीना. त्यामुळे भाऊंची मर्जीही त्याच्यावर अनेकदा खप्पा होई.

अखेर १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडला. उपासमारीने खंगलेले मराठे अहमदशहा अब्दालीशी निकराने झुंजण्यास बाहेर पडले. त्या सकाळी इब्राहिमखान घोड्यावरून भाऊंपाशी आला. त्याने मुजरा केला आणि पगारासाठी आपण धरलेल्या हट्टाची त्यांना आठवण दिली. तो पैसा वाया गेला नाही हे आज सिद्ध करून दाखवू, असे सांगून तो आपल्या पलटणींकडे परतला.

मग त्याने स्वतः निशाण हाती घेतले. दोन पलटणी बगल राखण्यास ठेवल्या आणि उरलेल्या पलटणी घेऊन तो समोरच्या रोहिल्यांवर तुटून पडला. संगिनींच्या त्या हातघाईत हजारो रोहिले पडले आणि अब्दालीची उजवी बाजू खिळखिळी झाली. पण दुपारनंतर युद्धाचे पारडे फिरले. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि सैन्याने पाठ फिरवली. इब्राहिमखानाच्या बहुतेक पलटणी तोपर्यंत रणातच गारद झाल्या होत्या. त्याच्या अंगावर भाल्यांच्या व गोळीच्या जखमा होत्या. सकाळचा शब्द त्याने असा पाळला.

जखमी इब्राहिमखान अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या माणसांच्या हाती सापडला. शुजा अब्दालीच्या पक्षाचा असला तरी त्याला या शूराचे प्राण वाचवावे असे वाटले. त्याने त्याला आपल्या छावणीत लपवून ठेवले. ही बातमी फुटली. अफगाण सैन्यात खवळ उडाली आणि शुजाला आपला कैदी अब्दालीच्या स्वाधीन करावा लागला. उपचारांसाठी म्हणून त्याला वजिराकडे ठेवले; पण त्याच्या जखमांवर औषधाऐवजी विष लावण्यात आले आणि काही दिवसांतच त्याचा अंत झाला. शुजाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

याच्या सुमारे एक वर्ष आधी, २२ जानेवारी १७६० रोजी, दक्षिणेत वांदिवाशच्या रणांगणावर बुसी इंग्रजांचा कैदी झाला होता. इंग्रज हे फ्रेंचांचे हाडवैरी. पण त्यांनी त्याच्या जिवाला धक्का लावला नाही. वचन घेऊन त्याला मोकळे केले. तो मायदेशी गेला, इ. स. १७८३ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आला आणि दोन वर्षांनी पाँडिचेरीस मरण पावला. एकाच शिस्तीत वाढलेले दोन सेनानी. दोघेही लढता लढता शत्रूच्या हाती सापडले. एकाला जीवदान मिळाले, दुसऱ्याला विष.

हा दोष एकट्या अब्दालीचा मानणे मात्र न्यायाचे होणार नाही. बुराडी घाटावर घायाळ होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचे शिर कुतुबशहाने कापले. पुढे कुंजपुऱ्यास तोच कुतुबशहा मराठ्यांच्या हाती सापडला, तेव्हा त्याचेही शिर कापले गेले. आणि पानिपतानंतर कैदेत असलेले जनकोजी शिंदे मारले गेले. सूडाला सूड जन्म देत गेला. हातचे शस्त्र गळून पडलेला शत्रू हा शत्रू राहत नाही, त्याचे रक्षण करणे हा जेत्याचा धर्म आहे, हे त्या रणधुमाळीत फार थोड्यांना आठवले. ज्यांना आठवले, त्यांत शुजाची गणना करावी लागेल.

पुढे इ. स. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि गारदी हा शब्दच बदनाम झाला. पण पानिपताच्या रणात धन्यासाठी उभे राहिलेले ते हजारो शिपाईही गारदीच होते. त्यांचा सरदार परधर्माचा होता, परपद्धतीने लढणारा होता आणि पगार मोजून घेणारा होता. त्या पगाराची पै न् पै त्याने आपल्या रक्ताने फेडली.