पंडिता रमाबाई व त्यांच्या कार्याचा निधि

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे आमचे विद्यार्थी वर्गणीची वही घेऊन दारोदार हिंडूं लागतात. कोणी हंसून पैसे देतो, कोणी उद्यां या म्हणून सांगतो, कोणी दारच उघडीत नाहीं. संध्याकाळीं वहींतील आंकड्यांची बेरीज करतांना मुलांच्या तोंडावर जी निराशा दिसते ती पाहून आम्हांस दरवर्षीं पंडिता रमाबाईंची आठवण होते. रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचें धर्मांतर व त्यांनीं स्थापिलेलें केडगांवचें मुक्तिसदन यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु एवढा मोठा संसार चालविण्यास लागणारा पैसा त्यांनीं कसा उभा केला, आणि त्या पैशापायीं त्यांस काय काय सोसावें लागलें, हा भाग सहसा ओझरताच सांगितला जातो. तोच येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचा आमचा विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये हा त्या काळचा समज झुगारून त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविलें. आणि लक्ष्मीबाईंनीं रमाबाईंस शिकविलें. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराण सांगत देशभर हिंडूं लागलें. पुराणिकानें कोणापुढें हात पसरावयाचा नसतो. देवळांत किंवा घाटावर बसून तो वाचीत राहतो. श्रोते येतात, आणि फुलें, फळें, धान्य, नाणीं त्याच्यापुढें ठेवून जातात. न मागतां मिळतें, हें रमाबाईंनीं अशा रीतीनें बालपणींच पाहिलें. परंतु त्याची दुसरी बाजूही त्यांस लवकरच पाहावी लागली. १८७० नंतरच्या दशकांत दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां श्रोत्यांच्याच घरीं दाणा उरला नाहीं. जवळ होतें तें दानधर्मांत व तीर्थांत गेलें होतें. मागण्याची संवय नव्हती, आणि अंगमेहनतीचें काम कोणास येत नव्हतें. वडील, आई व थोरली बहीण हीं एकामागून एक गेलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हे पायीं हिंडत हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचले. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पुढें बंधूंचा मृत्यु, १८८० सालीं बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलांशीं विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ सालीं वैधव्य, असे प्रसंग त्यांच्यावर अवघ्या दोन वर्षांत गुदरले.

त्याच सालीं त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें. या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशावर त्या १८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. कोणाच्या वशिल्यावर किंवा कोणाच्या दयेवर त्या जहाजांत बसल्या नाहींत, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतों. कारण पुढील सर्व हकिगतीचें बीज तींत आहे. वांटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं बाप्तिस्मा घेतला, व पुढें चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत राहून त्या शिकल्या व संस्कृत शिकवूं लागल्या. वांटेजच्या भगिनींचे उपकार त्या विसरल्या नाहींत. परंतु आपण काय मानावें व कोणापुढें मान लववावी हें उपकारकर्त्यांनीं ठरवावें, हें मात्र त्यांनीं कधीं मान्य केलें नाहीं.

अमेरिकेंत त्या गेल्या त्या एका समारंभासाठीं. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई जोशी यांस डॉक्टरची पदवी मिळावयाची होती, आणि महाविद्यालयाच्या प्रमुख डॉक्टर रेचल बॉडली यांनीं रमाबाईंस निमंत्रण दिलें होतें. थोडे दिवस राहण्याच्या विचारानें गेलेल्या रमाबाई तेथें सुमारें अडीच वर्षें राहिल्या. बालविधवांसाठीं एक शाळा काढावी, तेथें त्यांस राहावयास जागा, शिक्षण व पोट भरण्याची विद्या मिळावी, ही कल्पना त्यांच्या मनांत पक्की होती. पैसा मात्र नव्हता.

येथें त्यांनीं जो मार्ग स्वीकारला तो पाहण्यासारखा आहे. प्रथम त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला. डॉक्टर बॉडली यांनीं त्यास प्रस्तावना जोडली आणि १८८७ सालीं तो प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या हजारों प्रती खपल्या. त्यांत केवळ दुःखाचें वर्णन नव्हतें. शेवटीं आपणास काय करावयाचें आहे व त्यासाठीं काय लागेल, याची सरळ मागणी होती. त्यानंतर त्यांनीं गांवोगांव व्याख्यानें दिलीं. व्याख्यान ऐकून श्रोत्यांचीं मनें द्रवतात, टाळ्या पडतात, थाळींत कांहीं पैसे जमतात. आणि दुसऱ्या दिवशीं तो श्रोता आपल्या उद्योगास लागतो. अशा पैशावर एखादी सभा पार पडेल. शाळा चालत नाहीं. शाळेस घरभाडें दरमहा द्यावें लागतें, शिक्षिकेचा पगार दरमहा द्यावा लागतो, आणि आश्रयास घेतलेल्या मुलीस यंदा वर्गणी कमी जमली म्हणून परत पाठवितां येत नाहीं. म्हणून ठिकठिकाणीं रमाबाई मंडळें निघालीं. एका गांवांतील थोड्याशा मित्रांनीं एकत्र जमावें, प्रत्येकानें दरसाल लहानशी वर्गणी देण्याचें कबूल करावें, आणि तें वचन दहा वर्षें पाळावें, अशी ही योजना होती. या सर्व मंडळांच्या माथ्यावर डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे. उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रूक्स होते, काँग्रिगेशनल पंथाचे लायमन ॲबट होते आणि मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड होत्या. एकाच पंथाच्या हातीं तिजोरीची किल्ली राहूं नये ही दक्षता यांत दिसते. शाळेंत धर्माच्या बाबतींत कोणावर बळजबरी होणार नाहीं, आणि हिंदुस्थानांतील प्रतिष्ठित गृहस्थांचें एक सल्लागार मंडळ राहील, अशीही योजना ठरली.

परत येतांना त्यांनीं जपान पाहिलें. आपल्या अमेरिकेंतील अनुभवांवर त्यांनीं १८८९ सालीं मराठींत एक प्रवासवृत्त प्रसिद्ध केलें. तेथील धर्मादाय संस्था व स्त्रियांचीं मंडळें आपला कारभार कसा चालवितात याचें वर्णन त्यांत आहे. तें पुस्तक आमच्या वरच्या वर्गांतील मुलींनीं अवश्य वाचावें.

शारदासदन मुंबईस चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजीं उघडलें. बरोबर तीन वर्षांपूर्वीं याच तारखेस आनंदीबाईंस पदवी मिळाली होती. सदनांत आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. याच पुढें प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, आणि कर्व्यांच्या आश्रमासाठीं त्यांनीं स्वतः गांवोगांव हिंडून वर्गणी गोळा केली. मागण्याची विद्या त्या कोठें शिकल्या असतील, याचा तर्क वाचकांनींच करावा. १८९० सालीं सदन पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे पुरुष सल्लागार होते; मुलींच्या जातिनियमांस व रीतिरिवाजांस सदनांत धक्का लावला जात नसे.

यानंतर १८९३ चें साल उजाडलें. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. कांहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊं लागला. ही बातमी बाहेर पडतांच पुण्यांत मोठा गहजब झाला. केसरीनें कडक टीका केली. सल्लागार मंडळानें राजीनामा दिला, आणि वीस-पंचवीस मुलींस त्यांच्या पालकांनीं सदनांतून काढून नेलें. आमची शाळा मिशनची; तेव्हां आम्ही रमाबाईंचीच बाजू घेऊं अशी वाचकांची अपेक्षा असेल. परंतु आम्हांस दोन्ही बाजूंकडे खरेपणाचा अंश दिसतो. दार लावून घेऊन आपली श्रद्धा लपवावी, असें वचन रमाबाईंनीं कोणास दिलें नव्हतें. उलट पक्षीं, ज्या बापानें जनापवाद सोसून आपली विधवा मुलगी पुण्यास पाठविली, तो धर्माची बळजबरी होणार नाहीं या शब्दावर विसंबूनच. आणि मुलगी कोंवळ्या वयाची असली म्हणजे बळजबरी व ओढा यांमधील रेघ फार बारीक असते. सर्वांत अधिक नुकसान झालें तें त्या मुलींचें. ज्या घरीं परत गेल्या त्यांपैकीं किती जणींच्या हातीं पुन्हां पुस्तक आलें असेल? बोस्टनच्या मंडळींनीं मात्र हात आंखडला नाहीं. ठरलेली मदत येत राहिली.

दहा वर्षांची मुदत कधीं तरी संपणारच, हें रमाबाई जाणून होत्या. म्हणून त्यांनीं केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेऊन फळझाडें लावण्यास आरंभ केला. झाडें फळास येतील तोंपर्यंत मुदत संपेल व पुढें सदन आपल्या बागेच्या उत्पन्नावर चालेल, असा हिशेब होता. हिशेब उत्तम होता. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळानें तो उधळून लावला. मध्यप्रांतांत मुली व स्त्रिया उपाशी मरत आहेत हें ऐकून त्या तिकडे गेल्या. स्वतः दुष्काळांत होरपळलेल्या या बाईंस स्वस्थ बसवलें नाहीं. त्यांनीं शेंकडों मुली आणिल्या. पुण्यांत प्लेगमुळें इतक्या जणींस ठेवणें शक्य नव्हतें. मग केडगांवच्या शेतांत तंबू व झोंपड्या उभ्या राहिल्या, आणि बागेच्या जागीं मुक्तिसदन उभें झालें. मुदत संपली तेव्हां, १८९८ सालीं, त्या पुन्हां अमेरिकेस गेल्या व असोसिएशनपुढें आपल्या कार्याची हकिगत ठेवली. तिची नव्यानें घडण झाली. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तींतील माणसांची संख्या सुमारें १९०० पर्यंत गेली. त्या वर्षीं पावसानें दगा दिला असतां केडगांवच्या दोन विहिरींतील पाणी एवढ्या सगळ्यांस पुरलें, ही गोष्ट रमाबाई कृतज्ञतेनें सांगत.

इतक्या तोंडांस घांस घालण्यास मंडळांची वर्गणी कशी पुरणार? या काळांत रमाबाईंची रीत पालटली. ब्रिस्टल येथें हजारों अनाथ मुलांस सांभाळणारे जॉर्ज म्युलर यांचें चरित्र त्यांनीं वाचलें होतें. म्युलर कोणा मनुष्यापाशीं पैसा मागत नसत. प्रार्थना करीत व येईल त्यावर चालवीत. रमाबाईंनीं तोच मार्ग धरिला. जणूं लहानपणींचा तो पुराणिकाचा घाटच पुन्हां त्यांच्यापुढें आला. मात्र मुक्तीच्या छापखान्यांतून इंग्रजींत एक पत्रक निघे, आणि त्यांत सदनाची हकिगत व गरजा छापून इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील मित्रांस कळविल्या जात. गरज छापून पाठविणें म्हणजे मागणेंच नव्हे काय, असें कोणी विचारील. आम्हांस ही शंका अगदींच निराधार वाटत नाहीं. परंतु पुराणिकाच्या कुटुंबांत जें नव्हतें तें येथें होतें. मुक्तींतील स्त्रिया माग चालवीत, तेलाचे घाणे चालवीत, गाईगुरें पाळीत, शिवणकाम व छापखान्याचें काम करीत. ज्या घरांत एके काळीं अंगमेहनत कोणास येत नव्हती, त्या घरच्या मुलीनें आपल्या सदनांत एकीसही रिकामी बसूं दिलें नाहीं.

१९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-ई-हिंद पदक दिलें. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. कार्य जिच्या हातीं सोंपवावयाचें तीच आधीं गेली. रमाबाईंनीं तेवढ्यावर काम थांबविलें नाहीं. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांस समजेल अशा मराठींत त्या पवित्र शास्त्राचें भाषांतर करीत होत्या. तें हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. मुक्तीच्याच छापखान्यांत तेथील स्त्रियांनीं खिळे जुळवून तो मोठा ग्रंथ छापला, आणि १९२४ सालीं तो प्रसिद्ध झाला. केडगांवचें मुक्तीचें कार्य आजही चालू आहे.