विश्लेषण : यंत्राला ‘पाहायला’ शिकवण्याची मांडणी करणारे डेव्हिड मार कोण होते?

मोबाइल चेहरा ओळखून उघडतो, गोदामातील यंत्रमानव ढिगातून नेमके खोके उचलतो. या साऱ्यामागे असलेल्या ‘कॉम्प्युटर व्हिजन’ अर्थात संगणकीय दृष्टीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दिला जाणारा मानाचा पुरस्कार डेव्हिड मार यांच्या नावाने आहे. ते अवघी ३५ वर्षे जगले. त्यांचे सर्वाधिक गाजलेले पुस्तक निघाले, तेव्हा ते हयात नव्हते.

गणिताकडून मेंदूकडे कसे वळले?

मार यांचा जन्म १९ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडमधील एसेक्सचा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले, पण डॉक्टरेटसाठी ते मेंदूविज्ञानात शिरले. १९६९ ते १९७१ या काळात त्यांनी मेंदूच्या तीन भागांवर तीन शोधनिबंध लिहिले. पहिला होता लहान मेंदूवर. तिथल्या पेशींची जोडणी पाहता हा भाग शरीराच्या हालचाली शिकण्याचे यंत्र असावा, असा त्यांचा सिद्धान्त होता. तेव्हा त्यांचे वय होते २४. एखाद्याने यावरच हयात काढली असती. मार मात्र आपल्याच कामावर नाराज झाले. पेशी कशा जोडल्या आहेत हे कळले, तरी त्या नेमका कोणता प्रश्न सोडवतात हे कुठे कळते, ही त्यांची अडचण होती. पक्षी कसा उडतो हे केवळ पिसे तपासून समजणार नाही, असा दाखला ते देत.

पाहणे इतके अवघड का?

१९७३ मध्ये ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे ‘एमआयटी’च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत गेले आणि तिथेच रमले. याच संस्थेत १९६६ साली यंत्रदृष्टीचा मोठा भाग उन्हाळी सुट्टीत उरकण्याची योजना आखली गेली होती! कॅमेऱ्यातून संगणकाला मिळतात ते फक्त उजेडाचे आकडे. टेबलाची कड आणि टेबलावर पडलेल्या सावलीची कड, दोन्ही ठिकाणी आकडे सारखेच बदलतात. शिवाय त्रिमितीय जग सपाट चित्रात उतरताना खोली हरवते. एकाच चित्रामागे असंख्य दृश्ये असू शकतात.

तीन पातळ्या म्हणजे काय?

दुकानदार बिल करतो, तेव्हा बेरीजच का? कारण वस्तू कोणत्याही क्रमाने घेतल्या तरी रक्कम तीच यायला हवी. ही झाली पहिली पातळी : काम कोणते आणि का. हातचा घेऊन आकडे मिळवायचे, ही रीत दुसरी. बोटांवर, कागदावर की यंत्रात, ही तिसरी. दृष्टीचा विचारही असाच, पहिल्या पातळीपासून व्हावा, हा मार यांचा आग्रह. आज तो साधा वाटतो. तेव्हा एक गट पेशी मोजत होता आणि दुसरा नुसते प्रोग्रॅम जुळवत होता.

त्यानुसार त्यांनी पाहण्याचे टप्पे मांडले. आधी कडा आणि ठिपक्यांचे कच्चे रेखाटन, मग बघणाऱ्याच्या जागेवरून पृष्ठभागांचे अंतर व उतार सांगणारे ‘अडीच मितींचे’ चित्र आणि शेवटी वस्तूचा पूर्ण त्रिमितीय आकार. टोमासो पॉजिओ यांच्यासह त्यांनी दोन डोळ्यांतील प्रतिमा जुळवून अंतर काढण्याची पद्धत १९७६ मध्ये दिली. एलन हिल्ड्रेथ यांच्यासह कडा शोधण्याचा सिद्धान्त १९८० मध्ये मांडला : चित्र आधी किंचित धूसर करायचे, मग उजेड सर्वात वेगाने कुठे बदलतो ते शोधायचे.

वेळ कमी का पडला?

१९७७-७८च्या हिवाळ्यात रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. पुस्तक सवडीने लिहिण्याचा बेत मोडला. १९७९च्या उन्हाळ्यात ते लिहून काढावे लागले. १७ नोव्हेंबर १९८० रोजी मार यांचे निधन झाले. ‘व्हिजन’ प्रसिद्ध झाले १९८२ मध्ये.

आज काय उरले?

सगळे टिकले नाही. २०१२ नंतर लाखो छायाचित्रांवरून स्वतः शिकणाऱ्या जालरचनांनी बाजी मारली. वस्तू ओळखण्याआधी पूर्ण त्रिमितीय आकार उभा करण्याची त्यांना गरज पडली नाही. मार यांच्या तीन पातळ्यांत ‘शिकणे’ जवळपास नव्हतेच, ही त्रुटी पुढे खुद्द पॉजिओंनी दाखवली. गंमत अशी, की ज्या जुन्या कामाकडे मार यांनी पाठ फिरवली, ते शिकण्याबद्दलच होते. लहान मेंदूतील जोडण्या अनुभवाने बदलतात, हे जपानचे मासाओ इटो यांच्या चमूने प्रयोगाने दाखवले. फक्त त्या मार म्हणाले तशा बळकट होत नव्हत्या, क्षीण होत होत्या. अमेरिकी अभियंते जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये वर्तवल्याप्रमाणे. अल्बस यांनी त्याच कल्पनेवर यंत्रमानवाच्या हाताचे नियंत्रण बेतले होते. इटोंचा तो प्रयोग प्रसिद्ध झाला १९८२ मध्ये, ‘व्हिजन’ निघाले त्याच वर्षी.