खडकमाळ आळीची साक्ष

पुण्याच्या खडकमाळ आळीतील मामलेदार कचेरीत माणसे पिढ्यानपिढ्या उतारे आणि दाखले यांसाठी हेलपाटे घालीत आली. याच आवारात एकेकाळी कैदी ठेवीत आणि येथेच 3 फेब्रुवारी 1832 रोजी उमाजी नाईक यांना फाशी देण्यात आले. एवढ्याने सरकारचे समाधान झाले नाही. जनतेस दहशत बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस पिंपळाच्या झाडास लटकत ठेवण्यात आला. शिक्षा एकास आणि धडा सर्वांस, असा त्यामागील हिशेब होता.

उमाजींचा जन्म 1791 साली पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे, रामोशी समाजातील खोमणे कुळात झाला. पुरंदर किल्ल्याची राखण हे त्यांच्या समाजाचे परंपरागत काम. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ते हक्क हिरावले गेले. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर जुन्या वतनांचा उरलासुरला आधारही डळमळला. ज्यांच्या हाती गडांची राखण होती, ते स्वतःच निराधार झाले. उमाजींच्या बंडाचे मूळ येथे आहे. आरंभीच त्यांना तुरुंगवास घडला. पण त्या काळात ते लिहिणे-वाचणे शिकले. बंदिवासाचा असा उपयोग करणारा माणूस केवळ दरोडेखोर म्हणून निकालात काढता येत नाही.

त्यांनी सावकारांना व धनिकांना लुटले, खंडण्या वसूल केल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गावांनी सरकारचा सारा इंग्रजांस न देता आपणांस द्यावा, असे त्यांनी फर्मावले, तेव्हा प्रश्न लुटीचा उरला नाही; तो सत्तेचा झाला. हे ओळखूनच सरकारने त्यांना एकदा माफी देऊन चाकरीत घेतले. तो समेट टिकला नाही. फेब्रुवारी 1831 मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला. सरकारने 10,000 रुपयांचे इनाम लावले आणि जे फौजेस साधले नाही ते फितुरीने साधले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला भोरनजीक उतरोळी येथे उमाजी पकडले गेले.

त्यांच्या जीवनाची तपशीलवार हकीकत लिहून ठेवली ती त्यांचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंतॉश याने. बंड्याचे चरित्र त्याच्या शत्रूच्या लेखणीतून वाचावे लागते, याचे भान वाचकाने सुटू देता कामा नये. कारण त्या लेखणीचा शिक्का एका माणसावर थांबला नाही. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि जन्म हाच गुन्हा ठरला. 1952 साली तो रद्द झाला. रामोशी समाजाची नोंद आता विमुक्त जातींत होते. परंतु कागदावरून पुसलेला शिक्का गावच्या आणि पोलीस ठाण्याच्या मनातून तितक्या सहजी पुसला जात नाही.

खडकमाळ आळीत आज उमाजींचे स्मारक आहे आणि पुण्यतिथीस तेथे माणसे जमतात. ज्या देहाचे प्रदर्शन भीतीसाठी मांडले, त्याची आठवण अभिमानाची झाली. राज्यकर्त्यांचा हिशेब तेवढ्यापुरता चुकला. मात्र वीरास हार घालायचा आणि त्याच्या भाईबंदांकडे संशयाने पाहायचे, ही रीत चालू राहील तोवर तो पुरता चुकला, असे म्हणता येणार नाही.