सुभेदार रामजी सकपाळ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांना घडविणारा पिता कसा होता, हे आपल्या मुलाबाळांना कळावे, म्हणून या स्मरणिकेत हा अल्प परिचय देत आहोत.

रामजी मालोजी सकपाळ यांचा जन्म सन १८४८ चा. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही लष्करात होते. रामजींचा विवाह मुरबाडकर सुभेदारांच्या कन्या भीमाबाई यांच्याशी झाला. पुण्याला शिक्षकी शिक्षण घेऊन रामजी लष्करी शाळेत शिकवू लागले. चौदा वर्षे ते मुख्याध्यापक होते व सुभेदारपदापर्यंत चढले. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतील बरीच लहानपणीच गेली. चौदावे अपत्य भीमराव, १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले.

पुढच्याच वर्षी, १८९२ साली, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या पलटणीत दोन पिढ्या खपल्या, तिचेच दार पुढच्या पिढीला बंद झाले! सुभेदारांना हे सहन झाले नाही. सरकारकडे अर्ज करण्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य मागितले.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस व तेथून सातारला आले. तेथे १८९६ साली भीमाबाई निवर्तल्या. आत्या मीराबाईंनी मुलांना मायेने सांभाळले. दुष्काळात खटाव तालुक्यात तलावाचे काम निघाले, तेथे सुभेदार रोखपाल होते. १९०१ साली मुले त्यांना भेटायला मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून, रात्रभर पाण्यावाचून त्यांनी तो प्रवास केला. सरकारची इमानाने चाकरी केलेल्या सुभेदाराच्या मुलांना घोटभर पाणी मिळू नये, ही त्या काळची रीत होती!

सुभेदार कबीरपंथी व निर्व्यसनी होते. घरी नित्य भजन, अभंग व रामायण-महाभारताचे वाचन चाले. भीमरावांनी या वाचनाविषयी शंका काढली, तेव्हा द्रोण, कर्ण व वाल्मीकी हे खालच्या स्थितीतून किती वर चढले, ते पाहावे, असे त्यांनी मुलाला समजाविले. एवढ्या भाविक माणसाला देवळाचा उंबरठा मात्र वर्ज्य होता. मुंबई प्रांतात मंदिरे सर्वांना कायद्याने खुली झाली ती १९४७ साली. ते पाहायला सुभेदार राहिले नव्हते.

१९०४ च्या सुमारास ते मुंबईस परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. जागा अपुरी. भीमरावांना लवकर निजवून सुभेदार स्वतः जागत आणि पहाटे दोनला त्यांना अभ्यासाला उठवीत. मुलाने पुस्तक मागितले आणि पैसे नसले, तर विवाहित मुलींकडे जाऊन दागिना मागत, तो गहाण ठेवीत व पेन्शन येताच सोडवून परत करीत. लेकीही वडिलांना नाही म्हणत नसत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, पुढे पदवीधरही झाले.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्यास नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. निघाले असता वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा सुभेदारांचे प्राण जणू मुलाच्या वाटेवरच थांबले होते. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरविला आणि थोड्याच वेळात देह ठेवला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेस शिकायला गेले; १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. पेरणाऱ्याने पीक पाहिले नाही.

मंडळी, आपण देवळाचा जीर्णोद्धार केला, हे पुण्यकर्मच. ज्यांनी हात सैल सोडून देणग्या दिल्या त्यांचे गाव ऋणी आहे. परंतु गावातील एखादे हुशार लेकरू पुस्तकावाचून अडले, तर त्याच्यासाठीही तोच हात पुढे यावा, आणि या उंबरठ्यावर कोणाला जात विचारली जाऊ नये, म्हणजे सुभेदारांचे स्मरण सार्थ होईल.