हिचकॉक म्हणाला होता, 'सायको'च्या बाथरूम सीनला म्युझिक नको. हा गडी ऐकेल तर शपथ!

बाथरूम, शॉवर, पडद्यामागची सावली आणि मग व्हायोलिनच्या त्या कर्कश किंकाळ्या. तुम्ही 'सायको' पाहिला नसेल, तरी हा आवाज कुठल्यातरी मीममध्ये नाहीतर रीलमध्ये ऐकलाच असेल. तो तयार करणाऱ्याचं नाव बर्नार्ड हरमन.

जन्म १९११ चा, न्यूयॉर्कमधला. १९३४ मध्ये तो सीबीएस रेडिओत लागला. रेडिओवर दाखवायला चित्र नसतं, त्यामुळे माणसाला घाबरवायचं तर आवाजानं, नाहीतर आवाज बंद करून. ऑक्टोबर १९३८ मध्ये ऑर्सन वेल्सनं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं ते गाजलेलं रेडिओ नाटक केलं, तेव्हा वाद्यवृंद हरमनच सांभाळत होता. त्यात बातमीदार बोलता बोलता मध्येच तुटतो आणि काही सेकंद रेडिओ एकदम गप्प. घरी बसलेल्यांना घाम फुटायला तेवढं बास होतं.

वेल्सच त्याला सिनेमात घेऊन गेला. पहिलाच सिनेमा 'सिटिझन केन'. त्याच वर्षी दुसऱ्या एका सिनेमाच्या संगीतासाठी हरमनला ऑस्कर मिळालं. म्हणजे 'केन'च्या नामांकनात स्वतःलाच हरवून!

१९५५ पासून त्याची आणि आल्फ्रेड हिचकॉकची जोडी जमली. हरमन भयंकर तापट, पण कुठे वाजवायचं नाही हे त्याला पक्कं कळायचं. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये उजाड माळावर विमान हिरोच्या मागे लागतं, तिथे कित्येक मिनिटं संगीतच नाही. नुसती विमानाची घरघर. ते टँकरवर आदळतं तेव्हा कुठे वाद्यवृंद सुरू होतो.

मग आला १९६० चा 'सायको'. बाथरूममधल्या खुनाला संगीत नको, असं हिचकॉकनं बजावलं होतं. हरमननं तरीही लिहिलं, तेही फक्त तंतुवाद्यांवर. हिचकॉकनं ऐकलं आणि मत बदललं. आता तो सीन पुन्हा बघा. खुनाआधी बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज असतो, म्हणून पडदा सरकताच व्हायोलिन अक्षरशः अंगावर येतात. नंतर संगीत थांबतं आणि पाणी तसंच वाहत राहतं. मला विचाराल तर सगळ्यात भीतीदायक तेच आहे.

'द बर्ड्स'मध्ये (१९६३) तर नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही. पक्ष्यांचे आवाज जर्मनीत इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केले आणि हरमन सल्लागार होता. संगीतकारानं संगीत नसलेल्या सिनेमावर काम करायचं, बोला!

१९६६ च्या 'टॉर्न कर्टन'ला मात्र बिनसलं. स्टुडिओला विकली जाईल अशी चाल हवी होती. हरमननं बारा बासऱ्या, सोळा हॉर्न आणि नऊ ट्रॉम्बोन घेतले, व्हायोलिन एकही नाही. त्यातच शेतघरातल्या खुनाला संगीत नको म्हटलेलं असताना त्यानं पुन्हा लिहिलंच. 'सायको'ला चाललं तर इथे का नाही? पण यावेळी हिचकॉकनं रेकॉर्डिंगच थांबवलं आणि काम दुसऱ्याला दिलं. दोघांनी पुन्हा कधीच एकत्र सिनेमा केला नाही.

गंमत अशी की, इथे हिचकॉकचं बरोबर होतं, असं मला वाटतं. बाहेर टॅक्सीवाला उभा आहे, त्यामुळे आत माणूस आवाज न करता मारायचाय. पडद्यावर फक्त झटापट आणि धापा ऐकू येतात. संगीत घातलं असतं, तर बाहेर ऐकू जाईल ही धास्तीच बुडाली असती.

पुढे हरमन लंडनला राहायला गेला. हॉलिवूडनं त्याला जुना ठरवलं होतं, पण त्रुफो, ब्रायन डी पाल्मा, मार्टिन स्कॉर्सेसी ही नवी पोरं त्याला शोधत आली. २३ डिसेंबर १९७५ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यानं स्कॉर्सेसीच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'चं रेकॉर्डिंग संपवलं. हॉटेलवर गेला आणि झोपेतच गेला. वय ६४. मृत्यूनंतर त्याला एकाच वर्षी दोन ऑस्कर नामांकनं मिळाली, 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'ऑब्सेशन'साठी. बक्षीस मात्र 'द ओमेन'ला गेलं.