विश्लेषण : शिक्षण अभियंत्याचे, नोकरी कोळसा टाकण्याची… एलायजा मॅकॉय यांनी रेल्वे इंजिनाचे वंगण कसे बदलले?

रेल्वेत अभियंत्यांची गरज होती आणि हातात अभियांत्रिकीचे शिक्षणही होते, तरी अमेरिकेतील मिशिगन सेंट्रल रेल्वेने एलायजा मॅकॉय यांना काम दिले ते इंजिनात कोळसा टाकण्याचे. कारण एकच, ते कृष्णवर्णीय होते. त्याच कामातून त्यांनी बाष्प इंजिनाच्या वंगणाचा प्रश्न हाती घेतला आणि पुढे ५० हून अधिक पेटंटे मिळवली.

कोण होते एलायजा मॅकॉय?

मॅकॉय यांचा जन्म १८४४ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. त्यांचे आईवडील अमेरिकेच्या केंटकी राज्यात गुलाम होते. तेथून पळून ते ‘अंडरग्राउंड रेलरोड’च्या मदतीने कॅनडात पोहोचले. नावात रेल्वे असली तरी येथे रूळही नव्हते आणि गाडीही नव्हती. पळून आलेल्या गुलामांना लपवत, एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचवणाऱ्या माणसांचे ते गुप्त जाळे होते. पुढे हे कुटुंब मिशिगनमधील यप्सिलांटी येथे स्थायिक झाले.

यंत्रांची आवड पाहून आईवडिलांनी एलायजा यांना वयाच्या १५व्या वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे पाठवले. तेथे उमेदवारी करून ते यांत्रिक अभियंता झाले आणि १८६० च्या दशकात मिशिगनला परतले.

नोकरी शोधताना काय घडले?

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. मात्र कोणते काम कोणाला द्यायचे, हे वर्णावरूनच ठरत होते. रेल्वेत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला अंगमेहनतीची कामे येत. मॅकॉय यांना मिशिगन सेंट्रलमध्ये फायरमन आणि तेल घालणाऱ्या कामगाराची जागा मिळाली. भट्टीत कोळसा टाकत राहायचे आणि गाडी थांबली की तेलाचा डबा घेऊन इंजिनाच्या भागांना वंगण द्यायचे, असे हे काम. घर चालवायचे होते, त्यामुळे त्यांनी ते पत्करले.

वंगणाचा प्रश्न इतका महत्त्वाचा का होता?

बाष्प इंजिनात वाफेच्या दाबाने सिलिंडरमधला दट्ट्या पुढे-मागे सरकतो. वंगण कमी पडले की घर्षण वाढते, धातू तापतो आणि झिजतो. हाताने तेल घालण्यात वेळ जाई आणि चालत्या इंजिनावर ते धोक्याचे असे. आपोआप तेल देणारी काही साधने तेव्हाही होती; इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्येच असे साधन तयार केले होते. पण त्यात सुधारणेला बराच वाव होता.

मॅकॉय यांनी नेमके काय केले?

त्यांनी तेलाच्या पेल्याला अशी रचना जोडली की इंजिनातील वाफेचाच दाब झडप उघडेल आणि तेल सिलिंडरमध्ये उतरेल. म्हणजे इंजिन चालू असतानाच त्याला वंगण मिळत राहील. २३ जुलै १८७२ रोजी त्यांना या साधनाचे पेटंट मिळाले. पुढे रेल्वे आणि जहाजांच्या इंजिनांसाठी ते सतत सुधारणा करत राहिले. नंतर अतितप्त वाफेवर चालणारी मोठी इंजिने आली, तेव्हा साधे तेल टिकेना. त्यावर त्यांनी तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून देणारे साधन तयार केले. त्याचे पेटंट १९१५ चे. तेव्हा ते सत्तरीत होते. घडी होणारी इस्त्रीची फळीही त्यांच्या नावावर आहे.

पेटंटे मिळूनही पैसा का मिळाला नाही?

पेटंट मिळवायला कोणाची नोकरी लागत नव्हती; कारखाना काढायला मात्र भांडवल लागत होते आणि ते त्यांच्याकडे नव्हते. त्यामुळे अनेक पेटंटांचे हक्क त्यांना विकावे किंवा वाटून द्यावे लागले. साधने खपली, नफा बराचसा इतरांकडे गेला आणि अनेक साधनांवर त्यांचे नावही नव्हते. स्वतःच्या नावाची उत्पादन कंपनी डेट्रॉइटमध्ये उभी राहिली ती थेट १९२० मध्ये. दोनच वर्षांनी मोटार अपघातात ते जबर जखमी झाले आणि त्यांच्या पत्नी मेरी यांचे त्यानंतर निधन झाले. १० ऑक्टोबर १९२९ रोजी डेट्रॉइटजवळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात मॅकॉय यांचे निधन झाले.

‘रिअल मॅकॉय’ हा शब्दप्रयोग त्यांच्यावरूनच आला का?

इंग्रजीत अस्सल वस्तूला ‘रिअल मॅकॉय’ म्हणतात. खरेदीदार नकली नको, मॅकॉय यांचेच साधन हवे, असा आग्रह धरत, त्यावरून हा शब्दप्रयोग रूढ झाला, असे सांगितले जाते. मात्र स्कॉटलंडमध्ये ‘मॅकाय’ या नावाने तसाच शब्दप्रयोग १८५६ पासून नोंदलेला आहे. तेव्हा मॅकॉय लहान मुलगा होते. त्यामुळे ही कथा लोकप्रिय असली तरी सिद्ध झालेली नाही.

आज त्यांची ओळख काय?

२००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्माननामावलीत त्यांचा समावेश झाला. २०१२ मध्ये अमेरिकी पेटंट विभागाने राजधानी परिसराबाहेरचे पहिले कार्यालय डेट्रॉइटमध्ये उघडले आणि त्याला मॅकॉय यांचे नाव दिले. ज्या राज्यातील रेल्वेने त्यांना अभियंत्याची जागा नाकारली, त्याच राज्यात पेटंट विभागाच्या कार्यालयाला त्यांचे नाव मिळाले.